बीसीपीच्या फाइलमध्ये त्सुनामी होती, लेबल नव्हतं

आमच्या कंपनीच्या बिझनेस कंटिन्युइटी प्लॅनमध्ये (बीसीपी, म्हणजे काही बिघडलं तरी काम चालू कसं ठेवायचं ती फाइल) त्सुनामी होती. खरंच. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री, कसारा घाट चढून वर आलं की मग कुठे आमचं नाशिकचं अंबड, आणि फाइलमध्ये लिहिलेलं की त्सुनामीचा इशारा मिळाल्यास सर्व कर्मचाऱ्यांनी उंच जागी जावे. उंच जागी म्हणजे कुठे, पांडवलेणीवर?

हसू नका, ती फाइल मीच सांभाळत होते. सहा वर्षं. क्वालिटी सिस्टिम्स माझ्याकडे आहेत, त्यामुळे ऑडिट आलं की फाइल काढायची, तारीख बदलायची, रिव्हिजन नंबर एकाने वाढवायचा आणि साहेबांची सही घ्यायची. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आम्हा लोकांना आयएटीएफ १६९४९ हे क्वालिटीचं स्टँडर्ड लागतं, त्यात ६.१.२.३ हा क्लॉज फक्त कंटिन्जन्सी प्लॅनवर आहे. मूळ स्टँडर्ड २०१६ चं, नंतर त्यात सायबर अटॅक आला, मग कोविडनंतर पॅन्डेमिक आलं, की आम्ही पण आपली दोन पानं वाढवली. अशी वाढत वाढत फाइल ६४ पानांची झाली. आयटीवाले लोक ह्यालाच बीसीपी म्हणतात आणि त्यांचं स्टँडर्ड आयएसओ २२३०१, पहिल्यांदा २०१२ ला आलं, मग २०१९ ला सुधारलं. नावं दोन आहेत, पण बहुतेक ठिकाणी अवस्था एकच, सुंदर बाइंडिंग केलेली आणि कपाटात.

तर ६४ पानं होती आणि घोडं पेंड खाल्लं ते एका डिस्पॅचच्या पीसीवर.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळचे ६.४०. आमच्याकडे एमआयडीसीत शनिवारची सुट्टी असते त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचा एक पाय गेटबाहेरच असतो. माल पॅक होता, ट्रॉल्या लागलेल्या, चाकणच्या गिऱ्हाइकाकडे जायची गाडी डॉकला उभी, ड्रायव्हर चहा पीत होता. फक्त बिनला (माल भरायच्या पेट्यांना) बारकोड लेबल लावायची बाकी होती आणि तेवढ्यात डिस्पॅचच्या पीसीतून टक् टक् टक् असा आवाज यायला लागला आणि स्क्रीन काळी. हार्ड डिस्क. आयटीचा मुलगा धावत आला, त्याचं पहिलं वाक्य, "मॅडम टेन्शन नका घेऊ, बॅकअप आहे." आणि खरंच होता. ईआरपीचा, म्हणजे कंपनीचा सगळा हिशोब-स्टॉक ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप रोज रात्री एनएएसवर (ऑफिसातलं नेटवर्क स्टोरेज) आणि वर क्लाउडवर, एकदम व्यवस्थित. ईआरपी तर बंदही पडला नव्हता, मस्त चालू होता! पण लेबलचं टेम्प्लेट ईआरपीत नव्हतंच मुळी. ते त्या पीसीच्या डी ड्राइव्हवर, 'न्यू फोल्डर २' मध्ये होतं, आणि लेबल छापायचं सॉफ्टवेअर त्याच मशीनला लायसन्सने बांधलेलं. हे कंपनीत एकाच माणसाला माहीत होतं, आमचे डिस्पॅचचे दादा, आणि दादा होते निफाडला. द्राक्षांची छाटणी. आता ज्याच्या घरी बाग आहे त्याला ऑक्टोबरमध्ये रजा द्यावीच लागते, नाहीतर तो न सांगता जातो.

दादांना फोन लावला, उचलला नाही. परत लावला. परत. (नंतर कळलं फोन बागेतल्या खोपीत चार्जिंगला होता.)

मग फाइल काढली. पहिल्यांदाच गरज म्हणून काढली, ऑडिट म्हणून नाही. पान ४१, 'लेबल प्रिंटिंग शक्य नसल्यास हाताने लेबल लिहावे.' वा. दोन मुलांना मार्कर देऊन बसवलं, आणि तेवढ्यात सुचलं की एकदा चाकणला विचारून घेऊ. तिथल्या स्टोअर्सच्या माणसाने शांतपणे सांगितलं की मॅडम, बारकोड स्कॅन झाल्याशिवाय माझी सिस्टिम माल इनवर्ड घेतच नाही, तुम्ही सोन्याच्या शाईने लिहिलं तरी गाडी गेटवरच उभी राहील. म्हणजे आमच्या प्लॅनमधला उपाय ज्याच्यासाठी होता त्याला आम्ही सहा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं की बाबा हा तुला चालतो का.

मला त्या वेळी आठवले ते २०२४ च्या जुलैमधले, १९ तारखेचे ते फोटो. क्राउडस्ट्राइक ह्या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन बसली होती आणि आपल्याकडे इंडिगोवाले हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. सगळ्यांनी खिल्ली उडवली, पण बरीच विमानं गेली ना? कारण समोरचा तो हाताने लिहिलेला कागद मान्य करत होता. हातानं करायची सोय तेव्हाच सोय, जेव्हा घेणारा ती घेतो.

असो. नऊ वाजता दादांचा फोन आला. म्हणाले, माझ्या ड्रॉवरमध्ये गणपतीचा फोटो आहे, त्याच्या मागे पेन ड्राइव्ह आहे, त्यात सगळं आहे. आणि होतं! कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या प्रोसिजरमध्ये नव्हतं, माणसाने स्वतःच्या डोक्याने जपून ठेवलेलं. फक्त ते दोन महिन्यांपूर्वीचं होतं आणि मधल्या काळात एका पार्टची ड्रॉइंग रिव्हिजन बदलली होती. पॅकिंगच्या एका मुलीच्या ते लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर जुन्या रिव्हिजनचं लेबल लावून गाडी गेली असती आणि ते अजून महागात पडलं असतं.

आता टेम्प्लेट मिळालं पण छापायचं कशावर? आमचे सिक्युरिटीचे काका म्हणाले, "ताई, शेजारच्या प्लॉटवर असलाच प्रिंटर आहे, मी नाइटला बघतो ना." शेजारची कंपनी म्हणजे खरं तर आमचीच स्पर्धक, एका पार्टसाठी दोघांनी कोटेशन भरलेलं. पण काका गेले, तिथल्या सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरशी बोलले, त्यांनी त्यांच्या साहेबांना फोन केला आणि पाच मिनिटांत हो आलं. लेबलचा रोलसुद्धा त्यांचाच वापरला. ११.४० ला गाडी सुटली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणला पाच तास, गेट आणि अनलोडिंग चाळीस मिनिटं, ५.२० ला माल त्यांच्या असेंब्ली लाइनवर. लाइन ४.३० ला थांबली होती. पन्नास मिनिटांची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, आली. रक्कम सांगत नाही, पण तेवढ्यात प्रिंटरसकट तीन नवे पीसी आले असते.

सोमवारी साहेबांनी विचारलं, आपल्याकडे प्लॅन होता ना? मी म्हटलं होता. मग? मग काही नाही.

त्यानंतर मी जे शिकले ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं असं नाही, होतं, मी स्वतः दोन सर्टिफिकेट घेऊन बसलेय. पण ते कळलं आत्ता. पहिली गोष्ट वेळेची. बीसीपीत एक शब्द असतो आरटीओ (ट्रॅफिकवाला नाही), म्हणजे एखादं काम बंद पडलं तर किती वेळात परत उभं राहायलाच पाहिजे तो आकडा. आमच्या फाइलमध्ये डिस्पॅचचा आरटीओ होता २४ तास. कुठून आला? मीच लिहिला होता. २४ हा आकडा दिसायला बरा, गोल आहे, ऑडिटर काही बोलत नाही. आता खरा हिशोब बघा. लाइन थांबणार ४.३० ला. त्यातून पाच तास रस्ता गेला, चाळीस मिनिटं गेट. म्हणजे गाडी १०.५० ला सुटलीच पाहिजे होती. पीसी बसला ६.४० ला. आमच्या हातात होते चार तास दहा मिनिटं! आम्ही घेतले पाच, आणि कागदावर लिहिलेले २४. हा आकडा आपल्या सोयीने ठरतच नाही, गिऱ्हाइकाकडे किती तासांचा माल पडलाय आणि रस्ता किती तासांचा आहे ह्यावरून तो उलटा काढावा लागतो, आणि तो रोज थोडा बदलतो, खेडला जाम असेल तर अजून कमी होतो. तसाच दुसरा शब्द आरपीओ, म्हणजे किती मागचा डेटा गेला तर चालेल. ईआरपीसाठी आम्ही तो एक दिवस ठेवलेला आणि पाळतही होतो. लेबलसाठी तो दोन महिने निघाला आणि गणपतीच्या फोटोमागे निघाला.

दुसरी गोष्ट, आमचा अख्खा प्लॅन कारणांवर बांधलेला होता. आग लागली तर. भूकंप झाला तर. संप झाला तर. त्सुनामी आली तर. अहो पण डिस्पॅचला काय फरक पडतो, पीसी आगीत गेला, व्हायरसने गेला की हार्ड डिस्कने गेला? लेबल नाही एवढंच खरं. कारणं मोजायला गेलं तर संपत नाहीत आणि जे खरंच होतं ते नेमकं यादीत नसतं, २०१९ साली कुणाच्या फाइलमध्ये होतं हो की पुढच्या मार्चमध्ये अख्खा देश बंद होणार आहे आणि मुंबई-आग्रा हायवेवरून माणसं पायी गावाला निघणार आहेत? मग मी कारणं बाजूला ठेवली. एक वही घेतली, कच्च्या मालाच्या गेटपासून निघाले आणि एका बिनच्या मागे मागे चालत गेले, डिस्पॅचच्या गेटपर्यंत. प्रत्येक ठिकाणी जो उभा असेल त्याला एकच प्रश्न, हे आत्ता नाहीये असं धर, मग तू काय करशील? का नाहीये ते विचारू नको.

दीड दिवस लागला त्याला. आणि जे निघालं ते मी सहा वर्षांच्या ऑडिटमध्ये बघितलं नव्हतं. ई-वे बिलाच्या लॉगिनचा ओटीपी अकाउंट्सच्या माणसाच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो, तो सिनेमाला बसला असेल तर गाडी उभी. डिजिटल सहीचं डोंगल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली साहेबांच्या खिशात, साहेब दुबईला. प्लेटिंगवाला एकच आहे आणि तो पण बिचारा ज्याच्याकडून केमिकल घेतो तो एकच. एक गेज (माप तपासायचं साधन) असा की तो कॅलिब्रेशनला गेला की चार दिवस त्या पार्टचं इन्स्पेक्शन 'अंदाजे' होतं (हे वाक्य ऑडिटरने वाचू नये). आणि सगळ्यांचे इमर्जन्सी नंबर कुठे, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर. नेट गेलं की नंबरही गेले.

डीजी सेटचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, तर वेगळंच प्रकरण. आमचा इलेक्ट्रिशियन दर आठवड्याला इमाने इतबारे डीजी दहा मिनिटं चालवायचा, रजिस्टरमध्ये सही, सगळं छान. पण रिकामा चालवायचा. लोड कधी टाकलाच नव्हता. मी म्हटलं एकदा शॉपचा लोड टाकून तासभर चालवू, तर तो म्हणाला मॅडम कशाला उगाच. टाकला. विसाव्या मिनिटाला टेंपरेचर वाढून ट्रिप. रेडिएटर धुळीने पूर्ण चोक झालेला. रजिस्टरमध्ये तीन वर्षं 'ओके' लिहिलेलं आहे, अजून आहे, मी ते फाडू दिलं नाही.

ह्या सगळ्याबद्दल मी एकदा मामांशी बोलत होते. मामांचं भांडीबाजारात तांब्या-पितळेचं दुकान, आजोबांच्या वेळचं. त्यांना बीसीपी वगैरे काही माहीत नाही, मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, मग ते म्हणाले, "अगं मग आमचा मारुती काय करतो?"

नाशिककरांना सांगायला नको. रामकुंडापाशी दुतोंड्या मारुती आहे, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं, मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग महापूर. बातम्यांमधले क्युसेकचे आकडे येतात-जातात, पण किती क्युसेक म्हणजे माझ्या दुकानात किती हे कुणाला सांगता येत नाही, मारुतीची कंबर मात्र लहान पोरालाही समजते. मामांच्या दुकानात ठरलेलं आहे. गुडघ्याला पाणी लागलं की उधारीच्या वह्या आणि बिलबुकं पिशवीत घालून घरी. कमरेला लागलं की खालच्या दोन फळ्यांवरचा माल माळ्यावर, आधी हलकी आणि महागाची भांडी, मोठी पातेली-घंगाळी राहिली तरी चालतात, धुतली की झालं, पितळ आहे. छातीला लागलं की मेन स्विच बंद, शटर खाली, सगळे बाहेर, मग आत सोनं असलं तरी परत जायचं नाही. कोणी कोणाला विचारत नाही. कामाला असलेला पोरगा मामा नसतील तरी सुरू करतो, त्याला फोन करून परवानगी घ्यावी लागत नाही.

"पण २०१६ ला नुकसान झालं होतं ना तुमचं?" मी विचारलं.

"झालं तर. तेव्हा आम्ही माल हलवायला छातीपर्यंत थांबलो होतो. २००८ चा पूर बघितलेला, वाटलं आपल्याला कळतं. २०१९ ला कमरेलाच सगळं वर होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ऐक, दहीपुलाकडच्यांनी, सराफ बाजारवाल्यांनी नुसत्या मारुतीवर राहू नये. तिकडे सरस्वती नाल्याचं पाणी येतं, ते मारुतीला विचारून येत नाही. गोदावरीला पूर नसतानाही जोरदार पाऊस झाला की तिकडे गुडघाभर."

मी घरी येऊन ६४ पानं परत वाचली. त्यात 'परिस्थितीचे गांभीर्य पाहून व्यवस्थापन योग्य तो निर्णय घेईल' हे वाक्य अकरा वेळा होतं. मोजलं मी. म्हणजे आमच्याकडे मारुतीच नव्हता. गांभीर्य कशावरून बघायचं, कोणी बघायचं, किती झालं की काय करायचं, काहीच नाही. त्या शुक्रवारी आम्ही ६.४० पासून जवळजवळ नऊपर्यंत काय केलं तर दादांना फोन लावला आणि आयटीवाल्याच्या डोक्यावर उभं राहून "होईल का रे?" विचारलं. तो दर दहा मिनिटांनी "होतंय" म्हणत होता. सव्वादोन तास ह्यातच गेले, शेजारचा प्रिंटर तेव्हाही शेजारीच होता.

आता आमच्याकडे डिस्पॅचला एकच पान आहे, भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरात. लेबल पंधरा मिनिटं निघालं नाही तर दुसऱ्या पीसीवर. तिथेही अर्ध्या तासात नाही निघालं तर काका शेजारी जातील, त्यांच्याशी बोलणं झालेलं आहे, आमचा एक रोल त्यांच्याकडे ठेवलेला आहे आणि त्यांचा आमच्याकडे. एक तासात नाही तर चाकणला फोन, आणि तो फोन शिफ्ट सुपरवायझर करेल, त्याला साहेबांना विचारायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य मंजूर करून घ्यायला मला तीन मीटिंग लागल्या. गिऱ्हाइकाला वाईट बातमी द्यायचा अधिकार सुपरवायझरला द्यायचा म्हणजे साहेबांना फार जड गेलं, पण चाकणच्या माणसाने मला नंतर सांगितलं होतं की तुम्ही सातला कळवलं असतं तर मी दुसरं मॉडेल आधी घेतलं असतं लाइनवर. नऊला कळवलं तोपर्यंत त्याचा नाइटचा प्लॅन लागला होता.

शेजाऱ्यांवरून एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारियाच्या प्लांटला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तोच, आणि जस्ट-इन-टाइममुळे (लागेल तेव्हाच माल मागवायचा) स्टॉक नावाला. टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. मग आयसिनने ड्रॉइंग वाटून टाकली, जो बनवू शकेल त्याने बनवा, आणि शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनी, जिने गाडीचा पार्ट कधी केला नव्हता, तीसुद्धा व्हॉल्व्ह करायला बसली. काही दिवसांत माल यायला लागला, आठवड्याभरात गाडी बरीचशी रुळावर आली. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं ही चूक होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण मोडल्यावर सावरलं ते वर्षानुवर्षांच्या ओळखीने, आणि ही ओळख फाइलमध्ये बसत नाही. आमच्या बाबतीत ती काकांच्या नाइट ड्युटीच्या चहात होती.

आता प्रॅक्टिसबद्दल. आयएटीएफ म्हणतं प्लॅन तपासून बघा. आम्ही तपासायचो, म्हणजे फायर ड्रिल करायचो, सगळे असेंब्ली पॉइंटला उभे, फोटो. एका वर्षी तर आदल्या वर्षीचाच फोटो लावला, कारण शर्ट सारखेच असतात. शेअर बाजारवाल्यांची गोष्ट बघा. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) ट्रेडिंग सकाळी ११.४० ला थांबलं ते पावणेचारला सुरू झालं, बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. डीआर साइट, म्हणजे मुख्य सिस्टिम बसली तर वापरायची पर्यायी जागा, होती, पण त्या दिवशी तिकडे गेले नाहीत आणि सगळे तेच विचारत होते की मग ती साइट कशाला आहे. नंतर २ मार्च २०२४ ला, शनिवारी, मुद्दाम बाजार उघडून खरेखुरे सौदे डीआर साइटवरून करून बघितले. खोटे नाही, खरे पैशाचे. तालीम म्हणायची तर अशी.

आम्ही आमच्या मापाची केली. एका बुधवारी दुपारी, साहेबांना सांगून आणि बाकी कोणालाही न सांगता, मी डिस्पॅचच्या पीसीची वायर काढली. पहिल्या वेळी फजितीच. दुसरा पीसी होता, सॉफ्टवेअर होतं, टेम्प्लेट सर्व्हरवरून येत होतं, सगळं होतं, पण पीसी ज्या केबिनमध्ये ठेवला त्याची किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. ३८ मिनिटं. पुढच्या वेळी ११. तिसऱ्या वेळी कोणीतरी मला वायरकडे जाताना बघून ओरडलंच, "मॅडम आल्या, दुसरा चालू करा रे!" म्हणजे तीसुद्धा बाद. आता माझ्याऐवजी कॅन्टीनचा मुलगा वायर काढतो.

सगळ्यात अवघड भाग मी शेवटी ठेवलाय कारण तो मला अजून नीट सुटलेला नाही. त्या घटनेनंतर मी करेक्टिव्ह ॲक्शनचा रिपोर्ट लिहिला, त्यात रूट कॉजमध्ये लिहिलं, 'डिस्पॅच असिस्टंट हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. पुस्तकी भाषेत बरोबर आहे, तो एक नसला की सगळं अडतं. रिपोर्ट नोटीस बोर्डवर लागला. दादा छाटणी संपवून आले, वाचला, आणि माझ्या टेबलपाशी येऊन विचारलं, "मॅडम, मी फेल्युअर आहे का?"

काय बोलणार? पंधरा वर्षं ह्या माणसाने एक गाडी चुकीच्या लेबलने जाऊ दिली नाही, आणि त्या रात्री जो काही एकमेव बॅकअप कामाला आला तो ह्याच्या ड्रॉवरमधला. आणि मी त्याच्या नावापुढे फेल्युअर लिहून भिंतीवर लावलं. रिपोर्ट त्याच दिवशी काढला. 'लेबलची माहिती एकाच ठिकाणी होती, कंपनीने दुसरीकडे ठेवायची सोय केली नव्हती' असं लिहून परत लावला. पण त्यानंतर दादांना म्हटलं की हे अजून दोन जणांना शिकवा, तर ते गप्प झाले. न बोललेलं मला कळलं, दुसऱ्याला आलं की माझी काय गरज. आणि हा प्रश्न खोटा नाही, आम्ही कॉन्ट्रॅक्टवर किती मुलं ठेवतो ते त्यांना रोज दिसतं. बीसीपीच्या कुठल्याही क्लॉजमध्ये ह्याचं उत्तर नाही. शेवटी साहेबांनी त्यांचं पद बदललं, पगार थोडा वाढवला, आणि शिकवणं हा त्यांच्या कामाचा भाग म्हणून लिहून दिला. त्यानंतर शिकवलं, आणि असं शिकवलं की मुलं मला सांगतात, मॅडम, दादा रिव्हिजन चुकली तर चहा बंद करतात.

आता डोक्यात २०२७ आहे. सिंहस्थ. २०१५ च्या पर्वण्या, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर, ज्यांनी अंबड-सातपूरला काम करत काढल्यात त्यांना विचारा. पहिल्या पर्वणीला तर बंदोबस्त असा की नाशिककर स्वतःच्या घरात अडकले होते. ह्याला आपत्ती तरी कसं म्हणायचं, पंचांगात तारीख छापून येते! तरी आमच्या फाइलमध्ये कुंभमेळा हा शब्द एकदाही नव्हता, त्सुनामी चार वेळा. सध्या असा विचार चाललाय की ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वण्यांआधी चाकणच्या बाजूला भाड्याचं गोडाऊन घेऊन आठ-दहा दिवसांचा माल आधीच तिकडे टाकायचा आणि प्लेटिंगवाल्याचंही आधीच उरकून घ्यायचं. पैसे अडकणार, साहेब आत्तापासून कुरकुरतायत. मी त्यांना डेबिट नोटची झेरॉक्स दाखवते, मग थोडा वेळ शांत असतात.

फाइल आता नऊ पानांची आहे. ऑडिटर म्हणाला फार छोटी वाटते. मी त्याला खाली नेलं आणि म्हटलं ह्या पीसीची वायर काढा. त्याने नको नको म्हणत काढली, नऊ मिनिटं लागली.

काल दादांचा रजेचा अर्ज आलाय, बारा दिवस, कारण 'छाटणी'. मी सही केली. खाली संपर्कासाठी मोबाइल नंबर लिहायची एक ओळ असते, ती त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवलीये.